तांबड्या-काळ्या कोंबड्यांच्या पोटी पांढरं पिल्लू कुठून येतं?

पावसाळा सरला की मराठवाड्यात अंडी बसवायची घाई सुरू होते. तुराट्यांच्या डालग्याखाली खुडूक कोंबडी बसते, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, आणि पुढच्या महिन्याभरात कोंबडीपालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला फोटो येतो. तांबडी, काळी, ठिपक्यांची आठ-दहा पिल्लं आणि त्यांच्यात एक पांढरंफेक. खाली प्रश्न असतो: "कोंबडा तांबडा, कोंबड्या काळ्या, मग हे कुणाचं?"

उत्तरंही ठरलेलीच असतात. कुणी म्हणतं, शेजारच्या शेडातला बॉयलर घुसला असेल. कुणी म्हणतं, अंडी विकणाऱ्यानं फसवलं. जिंतूरकडच्या एका आक्कांचा निकाल तर सरळ होता, "रगत बिघडलं, दुसरं काय!"

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही, त्यात पैसा अडकलेला आहे. आठवडी बाजारात रंगीत गावरान कोंबडीला भाव मिळतो. पांढरी पुढं केली की गिऱ्हाईक विचारतं, "बॉयलर हाय का?" ती उकिरड्यावर, बांधावर चरून वाढली असली तरी पटत नाही. शिवाय मोकळ्या रानात पांढरं पिल्लू घारीच्या नजरेत लवकर भरतं. म्हणून हे पांढरेपण येतं कुठून आणि कळपात ते किती ठेवायचं, हे समजून घेतलेलं बरं.

एका रंगाच्या दोन प्रती

पिसांचा रंग पेशींमधल्या सूचनांवर ठरतो. अशा एका सूचनेला जनुक म्हणतात. रंगाच्या बहुतेक जनुकांच्या पिल्लाकडे दोन प्रती असतात, एक बापाकडून आलेली, एक आईकडून. दोन्ही सारख्याच असतील असं नाही.

विहिरीवर दोन मोटारी बसवल्या आहेत असं धरा. एक जळाली तरी दुसरी पाणी ओढते, पाइपाच्या तोंडाशी उभं राहून काही कळत नाही. दोन्ही जळाल्या तरच पाइप कोरडा पडतो. गावरान कळपात अचानक उगवणारं पांढरेपण बहुधा याच जातीचं असतं. रंग बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तरी कोंबडी पूर्ण रंगीत दिसते, दोन्ही बिघडलेल्या असल्या तर पिसं पांढरी येतात. असं जे लक्षण दिसायला दोन्ही प्रती लागतात त्याला अप्रभावी म्हणतात, आणि एका प्रतीवर दिसतं त्याला प्रभावी. बिघडलेली एक प्रत पोटात घेऊन रंगीत दिसणारा पक्षी म्हणजे वाहक.

हा बिघाड नेमका काय आहे, तेही शास्त्रज्ञांना सापडलं आहे. रंगद्रव्य तयार करायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं. त्याच्या जनुकात फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा घुसून बसला आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच चालत आला. 2006 साली हे उघड झालं. गंमत अशी की या पांढऱ्या कोंबडीचे डोळे रंगीतच राहतात. तिला रंग तयारच करता येत नाही असं नसतं, पिसांत तो बनत नाही इतकंच.

आता दोन वाहक एकत्र आले तर? प्रत्येक पिल्लाला बापाची बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता निम्मी, आईची मिळण्याचीही निम्मी. दोन्ही मिळण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे चारात एक. पण हा हिशेब सरासरीचा आहे. दहा पिल्लांच्या खेपेत कधी चार पांढरी निघतील, कधी एकही नाही. दोन्ही वाहक असूनही दहाच्या दहा पिल्लं रंगीत निघण्याची शक्यता शंभरात पाच-सहा आहे. "मागच्या वर्षी तर एकही पांढरं नव्हतं" या वाक्यावरून म्हणूनच काही सिद्ध होत नाही.

अप्रभावी म्हणजे कमजोर का?

नावामुळे हा गैरसमज पक्का बसला आहे. अप्रभावी म्हणजे दुबळं, दुर्मिळ, हळूहळू मरून जाणारं, असं लोक धरून चालतात. तुमच्याच कोंबड्यांचे पाय बघा. पिवळे पाय आणि पिवळी कातडी हे अप्रभावी लक्षण आहे, तरी पिवळ्या पायांच्या कोंबड्या ढिगानं आहेत. या पिवळेपणाचं मूळ तर आपल्या जवळचंच आहे. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पिवळ्या कातडीचं जनुक सह्याद्रीत आणि दक्षिणेत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आलं, असं 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. कुठलं लक्षण किती पसरणार हे माणूस काय निवडतो आणि कोणता पक्षी पैदाशीला ठेवतो यावर ठरतं. प्रभावी की अप्रभावी याचा त्याच्याशी संबंध नाही.

पांढऱ्या पिल्लातही आजार नसतो. ते नीट वाढतं, अंडी देतं. रगत बिघडल्याची भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

मग बॉयलरवरचा संशय खोटा?

नेहमीच खोटा असेल असं नाही, कारण पांढरेपण दोन तऱ्हेचं असतं. लेगहॉर्न कोंबड्या पांढऱ्या असतात त्या प्रभावी पांढऱ्या जनुकामुळे. मोटारी दोन्ही धडधाकट, पण पुढचा व्हॉल्व्ह बंद. व्हॉल्व्ह बंद करायला एक प्रत पुरते. त्यामुळे शुद्ध लेगहॉर्न कोंबडा तुमच्या गावरान कोंबड्यांवर गेला तर जवळपास सगळीच पिल्लं पांढरट निघतील, फार तर कुठं काळा ठिपका किंवा तांबूस झाक. (काळा रंग हे जनुक नीट दाबतं, तांबडा तितका दाबत नाही.)

यातून एक उपयोगी खूण मिळते. प्रभावी पांढरेपण अंगात असेल तर ते दिसतंच. आई-बाप दोघंही पूर्ण रंगीत असताना खेपेत एखादं-दुसरं पांढरंफेक निघालं, तर ते अप्रभावी पांढरेपण समजावं, आणि ते दोघांकडूनही आलेलं असतं. उलट एकदम अर्धी-अधिक खेप पांढरी निघाली तर कुंपण तपासा.

बॉयलरचं प्रकरण मात्र मिश्र आहे. बॉयलर घडवताना वापरलेल्या व्हाइट प्लायमाउथ रॉक जातीचं पांढरेपण अप्रभावी आहे, आणि इतर वंशांतून प्रभावी पांढरेपणही त्यात आलेलं असतं. कधीकाळी असा संकर तुमच्या कळपात शिरला असेल तर त्याचा अप्रभावी वाटा चार-पाच पिढ्यांनंतरही डोकं वर काढू शकतो. तेव्हा आजच्या शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही.

पिल्लू पाहून लगेच निकाल नको

पहिल्या दिवसाच्या लवीवर जाऊ नका. पिवळं पिल्लू मोठेपणी पांढरंच होईल असं नाही. काळ्या पिसांच्या कोंबड्यांच्या पिल्लांना पोटाखाली आणि पंखांच्या टोकांना पिवळट पांढरे पट्टे असतात, ते पुढं जातात. अप्रभावी पांढरं पिल्लू तर पुष्कळदा धुरकट, राखाडी झाक घेऊनच जन्मतं आणि नंतर पिसं पांढरी फुटतात. दोन महिने थांबलं की चित्र स्पष्ट होतं. डोळेही बघून ठेवा. ते गुलाबी-लाल असतील तर तो वेगळाच, रंगद्रव्याच्या पूर्ण अभावाचा प्रकार.

आणि ज्या कोंबडीखाली पिल्लू निघालं तीच त्याची आई, हेही धरून चालू नका. आपल्याकडं चार कोंबड्यांची अंडी गोळा करून एका खुडूक कोंबडीखाली बसवतात. कोणतं अंडं कुणाचं हे घरातली बाई आकारावरून, कवचाच्या छटेवरून बिनचूक सांगते. बसवण्याआधी तिला विचारून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं खूण केली आणि निघालेल्या पिल्लांच्या पायात त्या-त्या रंगाचा दोरा सैल बांधला, की अर्धं काम झालं. पिल्लू वाढेल तसा दोरा बदलायला मात्र विसरू नये, पायात रुततो. आणि खुणेची अंडी फुटायच्या सुमारास नीट लक्ष ठेवावं लागतं, एकदा पिल्लं मिसळली की पेन्सिलीचा उपयोग संपला.

पांढरी निघतील तशी काढत गेलो तर?

बहुतेक जण हेच करतात. पांढरं दिसलं की विकलं किंवा कापलं, कळप साफ झाला. दिसायला साफ होतो, आतून होत नाही. हिशेब मांडून बघू.

कळपात शंभर पिल्लांमागं एक पांढरं निघतं असं समजा, आणि कोणताही कोंबडा कोणत्याही कोंबडीवर जातो. मग बिघडलेल्या प्रतीचं प्रमाण दहात एक बसतं, आणि त्या शंभरांत रंगीत दिसणारे वाहक निघतात अठरा. तुम्ही काढलं एक, राहिले अठरा. दर पिढीला फक्त पांढरी काढत राहिलात तर बिघडलेल्या प्रतीचं प्रमाण निम्म्यावर यायला दहा पिढ्या लागतात. घरगुती कळपात वर्षाला एक पिढी धरली तर दहा वर्षं! तोवर पांढरी चारशेत एक निघत राहतील आणि तुम्ही म्हणाल, गेलं एकदाचं.

आता दुसरी बाजू बघा. पांढरं पिल्लू जन्मायला दोन्हीकडून बिघडलेली प्रत लागते. म्हणजे कोंबडा स्वच्छ असेल, दोन्ही प्रती चांगल्या असतील, तर कोंबड्यांपैकी कितीही वाहक असू द्या, एकही पांढरं पिल्लू निघणार नाही. एवढंच नाही, वाहक कोंबडीची निम्मीच पिल्लं वाहक होतील. शंभरात अठरा असलेले वाहक पुढच्या पिढीत नऊ होतात, पुन्हा स्वच्छ कोंबडा आला की साडेचार. नुसती पांढरी काढून ज्याला दहा पिढ्या लागल्या असत्या ते एका पिढीत होतं. वीस कोंबड्या तपासत बसण्यापेक्षा एक कोंबडा तपासा, असं माझं म्हणणं आहे ते या हिशेबावर.

कोंबडा तपासायचा कसा?

पहिली तपासणी तर फुकटात झालेली असते. कळपात एकच कोंबडा आणि पांढरं पिल्लू निघालं, म्हणजे तो कोंबडा वाहक आहे. त्यात शंका घ्यायला जागा नाही. त्याला पैदाशीतून काढा, जत्रा-पाहुणे बघून वाटेला लावा. त्या पिल्लाची आई कळली असेल तर तीही वाहक आहे, पण ती चांगली अंडी देत असेल तर कापायची गरज नाही. तिची अंडी खा, विका, फक्त बसवू नका. त्या पांढऱ्या पिल्लाचे रंगीत सख्खे भाऊ पैदाशीला ठेवू नका, कारण अशा रंगीत भावंडांत तीनातली दोन वाहक निघतात.

नव्या कोंबड्याची परीक्षा घ्यायला सगळ्यात चांगलं साधन म्हणजे तेच पांढरं पिल्लू, ते मादी असेल तर. तिच्याकडे दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, म्हणून ती प्रत्येक अंड्यात बिघडलेलीच प्रत देते. मग पिल्लाचा रंग पूर्णपणे बापावर ठरतो. बाप वाहक असेल तर निम्मी पिल्लं पांढरी. ओळीनं सात पिल्लं रंगीत निघाली तर तो वाहक असूनही निसटला असण्याची शक्यता 128 मध्ये एक राहते. व्यवहारात एवढं पुरे. पिसं फुटली की, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत, निकाल दिसायला लागतो, पक्का होतो तो दोन महिन्यांनी.

पांढरी तलंग नसेल आणि एखादी कोंबडी वाहक असल्याची खात्री असेल, तर तिच्यावरही परीक्षा घेता येते, पण तिथं चारातलं एकच पांढरं निघतं. तेवढीच खात्री मिळवायला सोळा-सतरा रंगीत पिल्लं लागतात, म्हणजे दोन खेपा.

एक सापळा सांभाळा. परीक्षेसाठी शेडातली कुठलीही पांढरी कोंबडी आणून चालत नाही. ती प्रभावी पांढरी निघाली तर कोंबडा कसाही असो, पिल्लं पांढरीच येतील आणि चांगला कोंबडा विनाकारण बदनाम होईल. रंगीत आई-बापांपासून तुमच्याच कळपात जन्मलेली पांढरीच हवी.

एवढं कोण करत बसणार?

खरं आहे. ज्याच्याकडं घरापुरत्या पाच-सहा कोंबड्या आहेत त्यानं यातलं काही करू नये. पांढरी घरी खावी, विषय संपला. बिघाड माहीत असल्यामुळं डीएनए तपासणीही शक्य आहे, पण गावच्या कळपासाठी एक पांढरी तलंग सांभाळणं त्याहून स्वस्त पडतं. हा खटाटोप आहे तो पिल्लं विकणाऱ्यांसाठी, मशीनवर अंडी उबवणाऱ्यांसाठी, बचत गटांसाठी. तुमचा एक वाहक कोंबडा पन्नास घरांत बिघडलेली प्रत पोचवतो आणि दोन वर्षांनी त्या पन्नास घरांतून फोन येतात.

आणि ज्याला पांढराच रंग हवा आहे त्याचं काम सगळ्यात सोपं. अप्रभावी पांढरा कोंबडा, अप्रभावी पांढरी कोंबडी, सगळी पिल्लं पांढरी. त्यात लपायला जागाच नाही.

रंगाच्या नादात एकच कोंबडा धरून बसू नका

स्वच्छ कोंबडा सापडला की माणूस तोच चार-पाच वर्षं ठेवतो. मग तो आपल्याच लेकींवर, नातींवर जातो. रंगाचा बिघाड टळतो, पण प्रत्येक पक्ष्यात दडलेले दुसरे बिघाड असतात, उबवणीत पिल्लू मरण्याचे, वाढ खुंटण्याचे. जवळच्या नात्यात तेही जोडीनं भेटायला लागतात. वीस कोंबड्यांना एकच कोंबडा असेल तर पैदाशीच्या हिशेबानं तो कळप जेमतेम चार पक्ष्यांइतका भरतो. वीस कोंबड्यांना चार कोंबडे असले तर तेरा पक्ष्यांइतका. म्हणून एकापेक्षा जास्त कोंबडे तपासून ठेवावेत, किंवा दूरच्या गावातल्या तपासलेल्या कोंबड्याशी दरवर्षी अदलाबदल करावी. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पैदाशीचा आराखडा घेऊन तिथल्या मंडळींशी बोलायला संकोच करू नये.

कडकनाथचं गणित

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला. 2018 साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2019 साली आपल्या राज्यात त्याच्या पालनाच्या करारांतल्या कथित फसवणुकीचं प्रकरण गाजलं. मराठवाड्यातही "शुद्ध कडकनाथ" विकणारे पुष्कळ आहेत. इथं एक गोष्ट उलटी आहे. कातडी आणि मांस काळं करणारं जनुक प्रभावी आहे, म्हणजे एक प्रत असली तरी काळेपण दिसू शकतं. लपून राहतं ते साधं, फिकं मांस. संकरातले दोन काळे पक्षी एकत्र आले की चारातल्या एका पिल्लाला काळेपणाची एकही प्रत मिळत नाही. तेव्हा काळं दिसणं हा शुद्धतेचा पुरावा धरता येत नाही. आई-बाप बघा, आधीच्या दोन-तीन खेपांची पिल्लं बघा.

त्यात आणखी एक कुलूप आहे. कातडीतला काळा रंग अडवणारं दुसरं एक जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर, म्हणजे जनुकं वाहून नेणाऱ्या धाग्यावर, असतं. कोंबड्यांत नराकडे त्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, मादीकडे एकच, आणि ती मादी आपली एकुलती प्रत फक्त मुलग्यांना देते. म्हणून कडकनाथ कोंबडा पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या, हे कुलूप असलेल्या कोंबडीवर सोडला तर तलंगा काळ्या कातडीच्या होतात आणि कोंबडे फिकट राहतात. जोडी उलटी केली, फिकट पायांचा शुद्ध कोंबडा आणि कडकनाथ कोंबडी, तर सगळीच पिल्लं फिकट. काळ्या कातडीच्या सिल्की कोंबड्यांवर बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1911 साली हेच दाखवलं होतं. आपल्याकडं अजून यावरून "तू पिल्लं बदललीस" अशी भांडणं होतात.

त्याच सिल्की कोंबडीत पिसं पांढरीशुभ्र आणि कातडी काळी असू शकते. पिसांचा रंग आणि मांसाचा रंग वेगवेगळ्या जनुकांच्या हातात असतो. कडकनाथच्या खेपेत पांढऱ्या पिसांचं पिल्लू निघालं तर कापायच्या आधी पंखाखालची कातडी बघा.

कोंबडा बदलल्यावर किती थांबायचं?

जुना कोंबडा सकाळी विकला आणि संध्याकाळपासून नव्याची अंडी धरली, ही चूक सर्रास होते. कोंबडीच्या पोटात नराचं बीज साठून राहतं, आणि एका मिलनावर ती दोन-तीन आठवडे फळलेली अंडी देऊ शकते. त्या काळातलं पिल्लू जुन्या कोंबड्याचंच असू शकतं. म्हणून तपासणीची जोडी असो की नेहमीची पैदास, कोंबडा काढल्यावर तीन आठवडे जातील तोवरची अंडी खाण्यात किंवा विक्रीत काढायची, आणि बसवायची अंडी त्यानंतर जमवायची.